दुकानवाल्या गेमची शेवटची खोली

देवळीत आज ज्यांची चाळिशी उलटली आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना माझं दुकान आठवत असेल. बसस्टँडसमोरच्या बोळात, पानठेल्याला लागून टिनाचं शेड, दाराला निळा पडदा, आत चार मशिनी. भिंतीकडची चौथी मशीन म्हणजे ‘दुकानवाला गेम’. तिच्यावर पेंटरकडून लिहून घेतलेली एक पाटी टांगलेली असायची: ‘या खेळाचा शेवट पाहणारे पहिले – मधुकर भोयर’. दुकान बंद होईपर्यंत, म्हणजे दहाएक वर्षं, ती पाटी तिथे होती.

ती पाटी खोटी होती. त्या पाटीमागे आणखी एक खोटं होतं, ते मोठं होतं. दोन्ही सांगायची आहेत. पण ज्यांनी ती यंत्रं पाहिलीच नाहीत त्यांना त्यातलं काही कळायचं नाही, म्हणून आधी थोडा धंदा सांगतो.

मी मूळचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. नव्वदीच्या सुरुवातीला नागपूरला सुटे भाग आणायला गेलो की तिथल्या गेमच्या दुकानांत गर्दी दिसायची. एकदा एका ओळखीच्यानं मशीन उघडून दाखवली आणि लक्षात आलं, की यात आपल्याला न येणारं फारसं काही नाही. सुताराकडून प्लायवूडची उभी पेटी करून घ्यायची, आत जुन्या रंगीत टीव्हीची ट्यूब बसवायची, समोर एक दांडी आणि दोन बटणं. खरा खेळ असतो तो आतल्या एका हिरव्या पट्टीवर. तिला बोर्ड म्हणायचं. बोर्ड बदलला की खेळ बदलतो.

बोर्डाच्या कोपऱ्यात आठ बारीक खटके असतात. ते वर-खाली करून खेळ सोपा किंवा अवघड करता येतो. गेमवाल्याचं कसब त्या खटक्यांत. गिऱ्हाईक फार लवकर मेलं तर चिडून निघून जातं, मरतच नसेल तर मशीन अडवून बसतं. ‘आत्ता जमलं असतं’ असं वाटेल अशा जागी ते मेलं पाहिजे. ते मला चांगलं जुळवता यायचं, हे मी आजही मान्य करतो.

बाकीच्या तीन मशिनींवर मारामारी, विमानं आणि मोटारी. दुकानवाला गेम वेगळा होता. त्याचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. बोर्ड नकली होता आणि पडद्यावर नावाच्या जागी नुसते ठिपके यायचे. त्यात एक छोटा योद्धा अंगावर चड्डीशिवाय काही नसताना निघायचा. उड्या मारत, कपारींवरून चढत, साप आणि भुतं मारत पुढे जायचा. मेलेल्या सापातून नाणी पडायची. ती गोळा करून वाटेतल्या दारांत शिरलं, की आत दुकानं. एकात बूट, एकात चिलखत, एकात ढाल, एकात औषध देणारी बाई. बूट घेतले की उडी लांब जायची, चिलखत घेतलं की मार कमी लागायचा. म्हणजे दांडी हलवण्याइतकंच डोकंही चालवायचं, कधी काय घ्यायचं आणि काय सोडायचं. कोपऱ्यात वाळूचं घड्याळ गळत असायचं, त्यामुळे विचार करायलाही सवड नसायची. शेवटी एक किल्ला होता. त्यात सारख्याच दिसणाऱ्या खोल्या एकामागून एक. चुकीच्या दारातून गेलात की खेळ तुम्हाला गुपचूप मागच्या खोलीत आणून सोडायचा, आणि तुम्हाला वाटायचं आपण पुढे चाललोय.

या मशीनची गिऱ्हाइकंही वेगळी. बसची वाट पाहणारे, जिनिंगचे मजूर, कॉलेज सोडलेले, आणि कापडाचे व्यापारी प्रेमशेठ. प्रेमशेठ रोज दुपारी दुकानावर नोकर बसवून यायचे. त्यांचा योद्धा कधीच काही विकत घ्यायचा नाही. दुकानात शिरायचा, मालाकडे बघायचा आणि बाहेर पडायचा. मी म्हणायचो, शेठ, बूट तरी घ्या. ते म्हणायचे, “आगे सस्ता मिलेगा.” यंत्राशी घासाघीस होत नाही हे त्यांना पटायचंच नाही. खिशात सगळ्या दुकानांचा माल येईल एवढी नाणी घेऊन, उघड्या अंगानं, ते दर वेळी त्याच पाणसापाकडून मरायचे.

आणि शालिक उईके. त्याच्यासाठीच हे लिहितो आहे.

शालिक आर्वीच्या पुढच्या एका खेड्यातला, गोंड. देवळीच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी आणि पोती उचलायच्या कामावर होता. तिशीचा असेल. बोलणं कमी. तो कधी एकदम खेळायला बसायचा नाही. आधी तासभर मागे उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघायचा, मग एकदाच टोकन टाकायचा. आणि त्या एका टोकनात लोकांची दहा जाईपर्यंत खेळायचा. पहिली वस्तू बूट. मग औषध. ढाल शेवटी. मी खटके अवघड केले, दोन वेळा केले, तरी तो टिकला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याचा खेळ बघायला माणसं जमायची आणि बघता बघता बाकीच्या मशिनींवर जायची, म्हणून मी गप्प होतो.

किल्ल्यात पोहोचणारा तो पहिला. तिथे मात्र महिनोन्‌महिने अडकला. मग एक दिवस तो जिनिंगच्या वजनाच्या रद्दी चिठ्ठ्या घेऊन आला. एका चिठ्ठीच्या पाठीवर एक खोली, पेन्सिलनं काढलेली. खोली संपली की चिठ्ठी बाजूला ठेवायचा. तोंडानं गोंडीत मोजायचा. त्यातलं ‘उंदी’ म्हणजे एक, एवढंच मला कळायचं. खोल्या सारख्या असताना ओळखतोस कशा, असं मी विचारलं.

“सारख्या नाईत जी. ह्या खोलीतला दिवा डाव्या अंगाले हाय. मघाच्या खोलीतला उजव्या.”

मी ती मशीन तोवर शेकडो वेळा उघडली होती. दिव्याकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. वर्ष-दीड वर्षात त्याच्या चिठ्ठ्यांची चवड झाली. ती त्यानं गोणपाटाच्या सुतळीनं शिवून टाकली.

मधल्या मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न निघालं. दुकान तीन आठवडे बंद ठेवलं. बंद आहेच तर साफसफाई करून घ्यावी म्हणून मी दुकानवाल्या गेमचा बोर्ड काढला. त्यावर पानठेल्याच्या धुरानं आणि झुरळांनी थर बसला होता. ब्रश आणि पेट्रोलनं मी तो लखलखीत धुतला. बोर्डावरच्या काही काळ्या चिपांच्या पाठीवर नखाएवढी काचेची खिडकी असते आणि तिच्यावर कागदाची टिकली चिकटवलेली असते. एका चिपेवरची टिकली तेलकट होऊन अर्धी सुटली होती. मी ती खरवडून काढली. नंबर लिहायला लावली असेल, असं माझं ज्ञान. मग बोर्ड सुकवायला गच्चीवर नेला. खाटेवर एका बाजूला लग्नाच्या कुरडया वाळत होत्या, दुसऱ्या बाजूला मी बोर्ड ठेवला आणि लग्नाच्या गडबडीत विसरून गेलो. पाहुणे परत गेल्यावर आठवण झाली. कुरडया केव्हाच डब्यात गेल्या होत्या. बोर्ड पंधरा-सोळा दिवस तिथेच होता.

मशीनमध्ये बसवला तेव्हा बिनतक्रार चालला. बूट, चिलखत, साप, किल्ला, सगळं जागच्या जागी. मी स्वतःवर खूश होतो.

दसऱ्याच्या आधीचा बाजाराचा दिवस होता. जिनिंगचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे मजुरांना सवड. दुपारी शालिक खेळायला बसला आणि किल्ल्यात शिरला. ही बातमी बोळभर झाली. वीस-पंचवीस माणसं शेडमध्ये, प्रेमशेठ पुढे खुर्चीवर. शालिक एकेक खोली मागे टाकत गेला. चिठ्ठ्यांकडे त्यानं पाहिलंही नाही, त्या मशीनच्या डोक्यावर ठेवल्या होत्या. शेवटच्या खोलीत दोन दारं आली. इथवर तो मागे एकदा आला होता, पण दार निवडायच्या आत वाळू संपली होती. तो थांबला. वाळू गळत होती. त्यानं उजव्या दाराकडे उडी मारली आणि दांडी जोरात ओढली. पडदा फाटल्यासारखा झाला. अक्षरांचा चुरा सगळीकडे, मशीनमधून एकसुरी भोंगा. मग काहीच हलेना.

मी मशीन बंद-चालू केली. खेळ पहिल्यापासून सुरू झाला, पण किल्ल्यातलं ते तिथपर्यंत पोहोचल्याशिवाय कसं कळणार? लोक माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत कुठलाही रेडिओ, टीव्ही समोर आला तरी ‘मला माहीत नाही’ असं मी कुणाला म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ते म्हणायला हवं होतं.

“म्या काई नाई केलं, मधुभाऊ,” शालिक म्हणाला. “दार उघडलं अन्‌ असं झालं.”

“दांडी कशी ओढली ते पाह्यलं न म्या. हे पोतं नाई, बोर्ड हाय.”

कुणीतरी हसलं. प्रेमशेठ म्हणाले, “बोरे उठानेवाले को मशीन पे बिठाओगे तो यही होगा, मधुभाऊ.” मग बाकीच्यांनी त्याच्या जातीवरून, जंगलावरून जे बोलायचं ते बोलून घेतलं. ते मी इथे लिहीत नाही. सगळ्यांचा विश्वास इतक्या पटकन का बसला, हे मला तेव्हाही कळत होतं. ती दांडी प्रेमशेठनं ओढली असती तर मी आधी बोर्ड तपासला असता.

शालिक उठला आणि गेला. चिठ्ठ्या मशीनवरच राहिल्या. मी भरपाई मागितली नाही, आणि त्याचंही मोठेपण चार जणांत मिरवलं.

आठवड्यानं मी बोर्ड घेऊन नागपूरला गेलो. तिथला चिपांत खेळ भरून देणारा माझ्याहून वयानं निम्मा होता. त्यानं भिंग लावून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काका, उन्हात ठेवला होता काय?”

मी म्हटलं, हो, धुतला होता.

तो हसायला लागला. त्यानं समजावून सांगितलं, की त्या काचेच्या खिडकीतून ऊन आत गेलं की चिपेत भरलेला खेळ हळूहळू पुसला जातो. टिकली त्यासाठीच असते. “वर्ध्याचं मे महिन्याचं ऊन, अन्‌ पंधरा दिवस. सगळं नाई गेलं हे नशीब समजा. शेवटचा तुकडा गेला फक्त.” दांडी ओढल्यानं असं होईल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, दांडी मोडेल, चीप कशी पुसेल?

त्यानं दुसऱ्या बोर्डावरून चीप भरून दिली आणि वर नवी टिकली लावली. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. देवळीला उतरलो तर स्टँडवरच प्रेमशेठ. त्यांनी विचारलं, शालिकनं केलेलं नुकसान निघालं का भरून? मी म्हटलं, “झालं दुरुस्त.” एवढंच. पहिला दिवस गेला, तसा दुसराही गेला.

इथवरचं कुणी माफही करेल. पुढचं सांगतो.

दसरा झाल्यावर जिनिंगचे फोरमन दुकानात आले. खेळायला नव्हे. हंगाम लागत होता आणि सरकी काढायच्या मशीनवर त्यांना एक माणूस हवा होता. ते काम पक्कं असतं, बाराही महिने असतं, आणि पाठीवर काही घ्यावं लागत नाही.

“तो शालिक तुमच्या इथं येत जाय न?” त्यांनी विचारलं. “औंदा मशीनवर घ्यावं म्हणतो त्याले. डोकं चालते त्याचं. पण प्रेमशेठ म्हणे त्यानं तुमचा बोर्ड तोडला. तुम्ही मशीनवाले. तुम्हीच सांगा.”

दुकानात आम्ही दोघंच होतो. प्रेमशेठ नव्हते, गर्दी नव्हती. नागपूरहून येऊन मला पंधरा दिवस झाले होते. खरं बोललो असतो तर फोरमन फार तर हसले असते.

मी म्हटलं, “डोकं चालते. हात मात्र जड हाय त्याचा.”

“मंग राहू द्या,” ते म्हणाले. “आमच्या मशीनीत बोटं जातात.”

ते गेल्यावर मी दुसऱ्या मशीनचं बटण सुटलं होतं ते डाग देऊन बसवायला घेतलं. एवढंच आठवतं.

पाटीची गोष्ट त्या हिवाळ्यातली. चिठ्ठ्यांची चवड माझ्या खणात होती. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ती समोर ठेवून खेळायला लागलो. खटके सगळ्यांत सोप्यावर केले. तरी मला तीन आठवडे लागले. एके दुपारी मी शेवटच्या खोलीत उजव्या दारातून गेलो आणि दार उघडलं. आत एक अजगरासारखा राक्षस होता. तो मेल्यावर आभाळ, एक गाव, आणि इंग्रजीतल्या काही ओळी वर सरकत गेल्या. प्रेमशेठ नेमके त्या वेळी आत आले. त्यांनीच पेंटर बोलावला. मी नको म्हटलं, पण ऐकू जाईल असं म्हटलं नाही.

शालिक त्यानंतर बोळात कधी दिसला नाही. ‘बोर्डतोड्या’ हे नाव त्याला पडलं होतं, ते जिनिंगच्या फाटकाशी मी स्वतः ऐकलं आहे. तो पुढची बारा-तेरा वर्षं गाठीच उचलत राहिला. मग पाठ गेली आणि तो गाव सोडून गेला. सरकीच्या मशीनवर त्या वर्षी घेतलेला माणूस मागच्या वर्षी पेन्शनीत निघाला.

दोन हजारच्या पुढे घरोघरी कॉम्प्युटर, सीडी, मग मोबाईल. माझ्या मशिनी एकेक करून बंद पडल्या. पेट्यांचं लाकूड गेलं, ट्यूबा भंगारात गेल्या. मी फक्त ती पुसलेली चीप आणि शालिकच्या चिठ्ठ्या ठेवल्या. का ठेवल्या, हे घरच्यांनी विचारलं की मी काहीतरी उत्तर द्यायचो.

यंदा उन्हाळ्यात कळलं की शालिक नाचणगावला मुलीकडे असतो. मी गेलो. तो ओसरीत खाटेवर एका कुशीवर पडला होता, कण्याला पट्टा. मला त्यानं आवाजावरून ओळखलं. मुलीला चहा ठेवायला सांगितलं. मी त्याला तेव्हा अरे-तुरे करायचो. या वेळी अहो-जाहो करायचं ठरवून गेलो होतो, तरी तोंडात तेच आलं.

मी आधी उन्हाचं सांगितलं. खिडकी, टिकली, कुरडया, नागपूर, सगळं. मग त्यानं विचारलं, “उजव्या अंगाचं दार बरोबर होतं काय?”

“बरोबर होतं.”

“मले वाटे माहीच वाट चुकली. डावं पाह्यजे होतं, असं लई दिवस वाटे.” तो थोडा वर सरकला. “मंग त्या दारामागं काय होतं?”

मी सांगितलं. राक्षस, आभाळ, इंग्रजी ओळी.

“बस?”

“बस.”

तो हसला. मी चिठ्ठ्या त्याच्या हातात दिल्या. त्यानं सुतळी बोटानं चाचपली, पानं उलटली, शेवटच्या चिठ्ठीशी थांबला. दोन दारांची खोली, आणि पुढे कोरं. मला वाटलं इथे थांबावं. चहा येतोय, माणूस हसतोय. पण मी फोरमनचं सांगितलं. त्यांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, शब्द होते तसे.

हसू गेलं. मुलगी दारात कप घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती त्याच्याशी गोंडीत काही बोलली आणि त्यानं एका शब्दात उत्तर दिलं. मग तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. मी चहा प्यायलो. त्याचा तसाच राहिला.

मग तो म्हणाला, “हे मले काऊन सांगता? माहा हात कसा हाय ते मले मालूम हाय. जिथं बोलले तिथं सांगा.”

मी म्हटलं, फोरमन वारले. प्रेमशेठही नाहीत. दुकानाच्या जागी मोबाईलवाला बसतो.

“देवळी तं हाय न,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

चिठ्ठ्या त्यानं परत दिल्या नाहीत. मी मागितल्याही नाहीत.

हा दिवाळी अंक देवळीच्या वाचनालयात लागतो, बसस्टँडवरच्या स्टॉलवर असतो, आणि जिनिंगच्या ऑफिसात दरवर्षी जातो हे मला ठाऊक आहे. म्हणून इथे लिहितो. दुकानवाल्या गेमचा शेवटपर्यंतचा रस्ता शालिक उईके यांनी शोधला. मी त्यांच्या रस्त्यानं गेलो आणि पाटीवर माझं नाव लिहून घेतलं. बोर्ड त्यांनी तोडला नव्हता, तो मी उन्हात टाकून पुसला होता, आणि हे माहीत असताना मी त्यांच्याविषयी फोरमनना खोटं सांगितलं.

त्यांचा हात जड नव्हता.